टिलर की कन्सोल? मासेमारीची होडी घेण्याआधी पडणारे प्रश्न

मी १४ फुटी टिलर होडी बरीच वर्षं वापरली आणि नंतर १७ फुटी साइड कन्सोल घेतली. तेव्हापासून होडी घ्यायला निघालेलं कुणीही भेटलं की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. काही ठिकाणी माझा कल स्पष्ट दिसेल, तो लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

दोन्हीत मुळात फरक काय?

टिलर म्हणजे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या, इंजिनालाच जोडलेला दांडा. तो धरून तुम्ही होडीच्या अगदी मागे बसता. मूठ पिळली की वेग वाढतो, दांडा ढकलला की होडी वळते. तुमचा हात आणि इंजिन यांच्या मध्ये काहीही नसतं.

कन्सोल म्हणजे होडीत उभा केलेला खोका. त्यावर स्टिअरिंग, शेजारी गिअर आणि थ्रॉटलचा, म्हणजे वेगाचा, दांडा, समोर मीटर आणि बहुतेक वेळा वाऱ्यापाण्याला अडवणारी काच. इथे हुकूम केबलमधून किंवा हायड्रॉलिक नळ्यांमधून इंजिनापर्यंत जातो. खोका एका कडेला असेल तर साइड कन्सोल, मधोमध असेल आणि भोवती चारी बाजूंनी फिरता येत असेल तर सेंटर कन्सोल, दोन बाजूंना दोन आणि मधून वाट असेल तर ड्युअल कन्सोल.

एका वाक्यात सांगा ना, कोणती घेऊ?

पाण्यावरचा तुमचा वेळ पोहोचण्यात जातो की रेंगाळण्यात, हे आधी ठरवा.

वाक्य एवढंच, पण लोक ते चुकीचं लावतात. शोरूममध्ये उभं राहून प्रत्येकाला आपण लांब लांब जाणार असंच वाटतं. म्हणून मागच्या पाच फेऱ्या आठवा, कुणा मित्राच्या होडीतल्या असल्या तरी चालतील. किनाऱ्यापासून मासेमारीच्या जागी जायला किती मिनिटं लागली? तिथे गेल्यावर होडी चालण्याच्या वेगाने किती तास फिरवली? जाण्यायेण्यात वीस मिनिटं आणि रेंगाळण्यात पाच तास असतील तर टिलर. लाटा तुडवत नुसतं जायलाच तास-दीड तास लागत असेल तर कन्सोल. पुढचे बरेचसे प्रश्न या एका हिशेबाचेच पोटहिशेब आहेत.

टिलरवाले "कंट्रोल, कंट्रोल" म्हणतात ते नक्की काय?

हे शब्दांत सांगणं अवघड, तरी प्रयत्न करतो.

समजा पाण्याखाली एक उतार आहे. तीन मीटर खोलीवरून तो एकदम सात मीटरवर जातो आणि मासे त्या कडेला लागून आहेत. तुम्हाला होडी त्या कडेवरून, तिच्या प्रत्येक वाकणासकट, सरकवत न्यायची आहे. वारा एका बाजूने ढकलतोय. टिलरवाला अशा वेळी इंजिन रिव्हर्समध्ये टाकतो, होडीची मागची बाजू वाऱ्याकडे करतो आणि उलटा उलटा सरकत जातो. याला बॅकट्रोलिंग म्हणतात. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, हलकं आणि उंच असल्याने वारा ते सहज फिरवतो. मागची बाजू वाऱ्याला दिली की नाळ आपोआप मागे ओढल्यासारखी येते आणि होडी रुळावर चालल्यासारखी चालते. डावा हात दांड्यावर, उजव्या हातात रॉड, डोळा फिशफाइंडरवर, म्हणजे खोली आणि मासे दाखवणाऱ्या स्क्रीनवर. खोली वाढली की मनगट दोन बोटं इकडे, कमी झाली की दोन बोटं तिकडे. कुठे वळायचं हा विचार डोक्यात येईपर्यंत हाताने ते केलेलं असतं.

स्टिअरिंगवर हेच करायचं म्हणजे चाकाचे वेढे घ्या, मग गिअरचा दांडा हलवा, मग मान वळवून मागे बघा. रॉडला हात उरत नाही. जमतं, पण दमछाक होते. उलटं जाताना मागच्या फळीवर लाटा आपटतात आणि पाणी आत उडतं हेही लक्षात ठेवा. बॅकट्रोलिंग करणारे ट्रान्समला, म्हणजे ज्या फळीवर इंजिन टांगतात तिला, दोन्ही बाजूंनी रबरी किंवा प्लॅस्टिकचे पडदे लावून घेतात.

पण आता नाळेवर बसवायची जीपीएसवाली इलेक्ट्रिक मोटर मिळते. मग टिलरचा हा फायदा उरलाच कुठे?

चांगला प्रश्न, आणि टिलरवाल्यांना न आवडणारा. बटण दाबलं की या मोटरी होडी एका जागी धरून ठेवतात, आखलेल्या रेषेवरून चालवतात, तेही आवाज न करता. नाळेकडून ओढली जाणारी होडी मागून ढकललेल्या होडीपेक्षा सरळ जाते, हेही खरं. टिलरची निम्मी मक्तेदारी या मोटरींनी मोडली असं मी मानतो. माझ्या कन्सोलवर अशी मोटर बसवल्यावर जुन्या टिलरची आठवण येणं बरंच कमी झालं.

बरंच. पूर्ण नाही. मोटरची बॅटरी उतरते, जोरदार वाऱ्यात तिची ताकद अपुरी पडते, आणि पाणवनस्पती पंख्यात गुंतल्या की हातातला मासा सोडून पुढे धावावं लागतं.

टिलर चालवायला कठीण असतो का?

पहिला तासभर उलटं वाटतं. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे जाते. रिव्हर्समध्येही तसंच, दांडा उजवीकडे गेला की होडीची मागची बाजू डावीकडे जाते. गाडी चालवणाऱ्यांचा इथेच गोंधळ उडतो, कारण स्टिअरिंगची होडी मागे घेताना गाडीसारखीच वागते. एखाद्या संध्याकाळी मोकळ्या पाण्यात आठ आकडे काढत फिरा. दुसऱ्या दिवशी विचार करावा लागत नाही.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट. आउटबोर्डचा दांडा साधारणपणे डाव्या हाताने धरायचा आणि चालवणाऱ्याने उजव्या काठाला बसायचं, अशा बेताने केलेला असतो. म्हणजे मोकळा राहतो तो उजवा हात. डाव्या हाताने गळ फेकणाऱ्याने विकत घेण्याआधी तास-दोन तास प्रत्यक्ष चालवून बघावं.

टिलरवर किती मोठं इंजिन चालतं?

इंजिन किती मोठं मिळतं आणि तुमच्या होडीला किती मोठं चालतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ११५ अश्वशक्तीपर्यंतची इंजिनंही टिलरसह मिळतात. पण होडीवर निर्मात्याने क्षमतेची पाटी लावलेली असते, आणि त्याच सांगाड्याची टिलर आवृत्ती असेल तर तिच्यावरचा आकडा बऱ्याचदा कमी असतो.

कारण समजायला अमेरिकेतल्या नियमाचं उदाहरण बघा. तिथे २० फुटांखालच्या साध्या होडीसाठी लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करतात. होडी १६ फूट आणि ट्रान्सम ६ फूट असेल तर ९६. दुरून चालवायचं स्टिअरिंग असेल आणि ट्रान्सम किमान २० इंच उंच असेल तर या आकड्याची दुप्पट करून ९० वजा करायचे: १०२ अश्वशक्ती. स्टिअरिंग नसेल तर ०.८ ने गुणून २५ वजा: सुमारे ५२. आणि स्टिअरिंग नसून तळ सपाट, कडा टोकदार अशी होडी असेल तर ९६ चे निम्मे करून १५ वजा: फक्त ३३. सांगाडा तोच, पण टिलर म्हटल्यावर परवानगी निम्म्यावर.

ही कपात उगाच नाही. सगळं वजन मागे, आणि इंजिनाचा सगळा जोर थेट माणसाच्या दंडावर. पाटीवरच्या आकड्यापेक्षा मोठं इंजिन लावून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा आणि निघा.

दंडावर जोर म्हणजे? दांडा हाताला खेचतो का?

हो. पंखा फिरताना होडीला एका बाजूला वळवायला बघतो. इंजिनाचा ट्रिम, म्हणजे फळीशी त्याचा कोन, आणि वेग बदलला की ही ओढ कमीजास्त होते. लहान इंजिनावर ती जाणवतही नाही, ५० अश्वशक्तीच्या पुढे अर्ध्या तासात खांदा बोलायला लागतो. पंख्याच्या वरच्या बाजूला इंजिनाच्या पायावर एक छोटं पान बऱ्याच इंजिनांना असतं, त्याचा कोन थोडा बदलून ही ओढ कमी करता येते. ते पान बसवलेलं असूनही वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. मोठ्या टिलरसाठी हायड्रॉलिक साहाय्यही मिळतं. खेच जवळजवळ संपते, पण तेवढा खर्च केल्यावर टिलर स्वस्त म्हणायचा का, हा प्रश्न उरतो.

हात सुटला तर?

यावर थोडं थांबून बोलायला हवं.

वेगात असताना दांडा सुटला तर इंजिन एका बाजूला फिरू शकतं, होडी जागच्या जागी गिरकी घेते आणि चालवणारा बाहेर फेकला जातो. होडी मात्र थांबत नाही. ती गोल गोल फिरत पाण्यात पडलेल्या माणसाकडेच परत येते, पंखा फिरता ठेवून. स्टिअरिंगवर हे घडतच नाही असं नाही, पण टिलरवर त्याला फार कमी निमित्त लागतं.

माझं निमित्त टोपी होतं. वाऱ्याने उडाली, मी सवयीने डावा हात वर नेला. दांडा आपोआप फिरू नये म्हणून असतो तो घर्षणाचा स्क्रू ढिला होता हे मला माहीत होतं, संध्याकाळी आवळू म्हणून दोन आठवडे ढकललं होतं. होडीने अशी गिरकी घेतली की समोर बसलेल्या मित्राची आमिषांची पेटी काठावरून पाण्यात गेली. मी फळीला धरून राहिलो म्हणून वाचलो. इंजिन बंद पाडणारी दोरी मनगटाला नव्हती, खिशात होती. मित्राने पेटीचे पैसे घेतले नाहीत, पण पुढच्या प्रत्येक फेरीला निघण्याआधी माझ्या मनगटाकडे बघायला लागला.

ती दोरी, जिला किल स्विचची लॅनयार्ड म्हणतात, निघाली की इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान होड्यांवर वेगात असताना ती किंवा तिचा बिनतारी पर्याय वापरणं सक्तीचं आहे. तुमच्याकडे नियम असो वा नसो, टिलरवर ती मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. कन्सोलवरही.

जागा कशात जास्त मिळते?

टिलरमध्ये, वादच नाही. मधला खोका नाही म्हणजे नाळेपासून मागपर्यंत मोकळी जमीन. १४-१६ फुटांत हा फरक डोळ्यांत भरतो. त्याच लांबीत कन्सोल, त्यामागची खुर्ची आणि पाय ठेवायला जागा एवढं धरलं की तिघांच्या होडीत दोघं उरतात. १८ फुटांच्या पुढे ही तक्रार विरत जाते.

सेंटर कन्सोलचं मात्र वेगळं आहे. मोठा मासा लागला आणि तो होडीभोवती फिरायला लागला, तर त्याच्यामागे काठाकाठाने पूर्ण चक्कर मारता येते. खोल, खुल्या पाण्यात ही होडी उगाच लोकप्रिय झालेली नाही.

टिलरची नाळ वेग घेताना वर उचलली जाते आणि पुढचं दिसत नाही. यावर उपाय?

आधी बेरीज करा. ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण ११५ किलो, चालवणारा ८०, बॅटरी २५, भरलेली टाकी २०. झाले २४० किलो, आणि सगळे होडीच्या शेवटच्या चार फुटांत. नाळ वर जाणारच.

बॅटरी आणि टाकी पुढे सरकवा, तारा आणि नळी लांब घेतल्या की झालं. एकटे जात असाल तर नांगर, पाण्याचे कॅन, जड पेट्या नाळेत टाका. दांड्याला लांबी वाढवणारी नळी लावली तर स्वतःलाही फूट-दीड फूट पुढे बसता येतं, पण ती घट्ट बसते का ते दहादा तपासा. वेग घेताना ट्रिम पूर्ण आत घ्या, म्हणजे इंजिनाचा पाय फळीच्या जवळ आणा. एवढं करून होडी सपाट होत नसेल तर इंजिन होडीला जड आहे.

साइड कन्सोललाही वजनाचं दुखणं आहे, फक्त आडवं. खोका आणि चालवणारा एकाच बाजूला आल्याने होडी तिकडे कलते. बॅटरी दुसऱ्या बाजूला ठेवायची.

लाटांमध्ये आरामदायी कोणती?

इथे उत्तर थोडं अनपेक्षित आहे. धक्के सर्वांत जास्त नाळेत बसतात आणि सर्वांत कमी मागे. म्हणजे टिलर चालवणाऱ्याच्या पाठीला उलट बरं असतं. पण अंगावर उडणारं पाणी, वारा, थंडी सगळं त्याच्याच वाट्याला. शिवाय अंग पुढे, हात मागे अशा वाकड्या बसण्याने तासाभरात कंबर धरते. काच असलेल्या कन्सोलमागे माणूस कोरडा आणि सरळ बसतो. थंडीत गळ टाकणाऱ्यांनी एवढ्या एका कारणासाठीही कन्सोल घ्यावा.

घरचे सोबत असतात, लहान मुलंही.

कन्सोल. शक्यतो ड्युअल, पूर्ण काचेचा. यावर मला जास्त काही सांगायचं नाही.

देखभाल कशाची कमी?

टिलरची, कारण बिघडायला फारसं काही नाहीच. मूठ, तिची केबल, घर्षणाचा स्क्रू, संपलं.

कन्सोलमध्ये साध्या स्टिअरिंग केबलचं एक दुखणं असतं. केबलचा लोखंडी दांडा इंजिनाच्या नळीतून सरकतो. होडी महिनोन्‌महिने उभी राहिली की नळीतलं ग्रीस घट्ट होतं किंवा गंज धरतो, आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. माझी होडी तीन महिने झाकून होती, काढली तेव्हा चाक हलेना. मी जोर केला असता तर केबलच तुटली असती. दांडा काढून, नळी साफ करून, नवं ग्रीस लावण्यात एक अख्खा रविवार गेला. नळीत ग्रीस भरताना दांडा पूर्ण आत ओढलेला असू द्या. बाहेर असताना भरलं तर ग्रीस कोंडून स्टिअरिंग अडकतं. हायड्रॉलिकमध्ये हा त्रास नाही, तिथे तेलाची पातळी, गळती आणि आत शिरलेली हवा बघायची.

फिशफाइंडर टिलरवर कुठे लावायचा?

काठावर, फिरणाऱ्या हातावर, अशा जागी की उजवा हात पोहोचेल आणि रॉड फेकताना आडवा येणार नाही. कन्सोलवर समोरच जागा असते, तारा आत लपतात, मोठा स्क्रीन बसतो. मात्र कन्सोलचा स्क्रीन नाळेत उभं राहून दिसत नाही, म्हणून लोक पुढे दुसरा लावतात.

टिलर घेऊन नंतर कन्सोलमध्ये बदलता येईल का?

येईल, काही इंजिनांना तसे जोडही मिळतात. पण यादी बघा: कंट्रोल बॉक्स, थ्रॉटल आणि गिअरच्या केबल, स्टिअरिंग आणि त्याची केबल, इंजिनाला जोडणारी सळई, तारांचा नवा संच, मीटर, खुद्द कन्सोल, आणि तो बोल्ट करायला जमिनीखाली आधार. तळात भोकं पाडायची ती वेगळीच. हिशेब केल्यावर बहुतेक जण होडी विकून दुसरी घेतात, आणि तेच बरोबर करतात. आधीच शंका असेल तर पहिल्याच दिवशी कन्सोल घ्या.

जुनी होडी बघायला चाललोय. काय बघू?

टिलर असेल तर इंजिन बंद ठेवून दांडा दोन्ही टोकांना फिरवा. सगळीकडे सारखा जड लागला पाहिजे. सोडल्यावर जिथे सोडला तिथेच राहिला पाहिजे. मूठ पिळून सोडा, अडकते का बघा. मग ट्रान्समकडे या. इंजिन उचललेल्या स्थितीत त्याचा खालचा पाय धरून वरखाली हलवा आणि त्याच वेळी फळीकडे बघा. फळी वाकत असेल, बोल्टभोवती चिरा असतील किंवा पाणी झिरपत असेल तर आतलं लाकूड कुजलंय. टिलरवर हे जास्त बघायचं, कारण चालवणारा सगळा जोर तिथेच देतो.

कन्सोल असेल तर चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना दुसऱ्या माणसाला मागे उभं करा. चाक फिरायला लागल्यावर इंजिन किती उशिरा हलतं ते त्याने सांगायचं. चौथाई वेढ्यापेक्षा जास्त ढिलाई असेल तर केबल बदलायची तयारी ठेवा आणि तेवढे पैसे कमी करून मागा. कन्सोलच्या मागचं झाकण उघडून तारा बघा. काळी टेप गुंडाळलेले जोड जितके जास्त, तितका आधीचा मालक हौशी. किल स्विचची दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का, ते पाण्यावर चालवून बघा. विकणारा म्हणाला "ती कुणी वापरत नाही", तर ती नक्की ओढून बघा.